अमेरिकेतील ग्रीकाचे उपाहारगृह

ग्रीक माणूस महाराष्ट्राला अगदीच अपरिचित आहे असे नाही. पुण्याहून लोणावळ्याच्या वाटेवर कार्ल्याची लेणी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना तेथील चैत्यगृहातले ते भव्य स्तंभ आठवत असतील. त्यांपैकी काही स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दान दिल्याचे लेख त्यांवर कोरलेले आहेत. हे यवन रक्ताने कितपत ग्रीक होते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु समुद्र ओलांडून परमुलखात जावयाचे, तेथे व्यापार करावयाचा आणि तेथलेच होऊन राहावयाचे, ही त्या लोकांची खोड फार जुनी आहे, एवढे म्हणावयास हरकत नाही. आज मी आपणांस सांगणार आहे ती गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची नव्हे, गेल्या सव्वाशे वर्षांतली आहे. आणि तिचे स्थळ कार्ले नसून अमेरिका आहे. दगडी स्तंभाच्या जागी या गोष्टीत एक साधे उपाहारगृह आहे.

अमेरिकेत विसाव्या शतकात ज्या परदेशी लोकांनी खाद्यपेयांच्या धंद्यात आपले बस्तान बसविले, त्यांत ग्रीकांचे स्थान फार वरचे लागते. न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट अशा मोठ्या शहरांतच नव्हे, तर आडवळणाच्या गावांतही रस्त्याच्या कोपऱ्यावरील चहा-कॉफीचे, अंड्यांचे आणि भाजलेल्या मांसाचे दुकान ग्रीकाचे असावयाचे. मात्र यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. ग्रीकांची ही उपाहारगृहे पुष्कळ वर्षे होती. परंतु तेथे ग्रीक जेवण मिळत नसे. मालक ग्रीक, आचारी ग्रीक, गल्ल्यावर बसणारा पुतण्या ग्रीक. आणि पानात मात्र अस्सल अमेरिकन पदार्थ. हे असे का व्हावे आणि पुढे ते कसे पालटले, हाच आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम हा माणूस घर सोडून का निघाला ते पाहू. ग्रीस देशाच्या दक्षिणेस पेलोपॉनिस नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील शेतकऱ्यांची सारी मदार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बारीक काळ्या मनुकांवर होती. फ्रान्समधील द्राक्षमळ्यांवर फिलॉक्सेरा नावाची कीड पडली आणि तेथील दारूच्या कारखानदारांना द्राक्षे मिळेनाशी झाली; तेव्हा ग्रीसच्या मनुकांना सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांनी ऑलिव्हची झाडे तोडून त्या जागी द्राक्षवेली लावल्या. पुढे फ्रान्सचे मळे सावरले, फ्रेंच सरकारने परदेशी मनुकांवर जबर जकात बसविली आणि भाव एकदम कोसळला. 1893 साली तर ग्रीसच्या सरकारनेच दिवाळे जाहीर केले. एकाच पिकावर सारा संसार मांडला म्हणजे काय होते, हे कापसाच्या किंवा उसाच्या मुलखातील आपल्या श्रोत्यांना मी निराळे सांगावयास नको.

याच्या जोडीला दुसरेही एक कारण होते. आणि तेही आपल्याला परके वाटणार नाही. ग्रीक कुटुंबात मुलीच्या लग्नात हुंडा द्यावा लागे. त्याला ते 'प्रिका' म्हणत. बहिणींची लग्ने उरकल्यावाचून भावाने स्वतःचे लग्न करू नये, असा संकेत असे. घरात तीन-चार बहिणी आणि शेतीचे उत्पन्न शून्यावर आलेले, अशा स्थितीत थोरल्या मुलाला पात्रास बंदरातून अमेरिकेच्या बोटीत बसविणे हाच एक मार्ग उरला. (हुंड्याची ही कायदेशीर रूढी ग्रीसमध्ये 1983 साली रद्द झाली.) 1890 नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत अशा रीतीने सुमारे चार लाख माणसे अमेरिकेत उतरली. त्यांत दहांपैकी नऊ पुरुष होते, बहुतेक तरुण आणि अविवाहित. चार-पाच वर्षांत पैसा मिळवून परत जावयाचे, असे प्रत्येकाच्या मनात असे. पुष्कळजण परत गेलेही. 1912-13 च्या बाल्कन युद्धांत तर मायदेशासाठी लढावयास चाळीस हजारांच्या वर माणसे स्वखुशीने परतली.

जे राहिले त्यांची सुरुवात हलक्या कामापासून झाली. काहीजण रेल्वेच्या रुळांवर गेले, काही गिरण्यांत गेले. कोवळी मुले बूटपॉलिशच्या दुकानांत राबू लागली. त्यांना गावाकडून आणणारा मुकादम त्यांच्याच देशाचा असे. तो पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांच्याकडून काम करवून घेई आणि त्यांना मिळालेली बक्षिसीही स्वतःच्या खिशात घाली. परक्यापेक्षा स्वकीयाकडूनच अधिक नागवले जावे, हा परदेशी मजुराचा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. त्यातून सुटलेला मुलगा फळांची, शेंगदाण्यांची किंवा मिठाईची हातगाडी लावी. हातगाडीवरून दुकान आणि दुकानातून उपाहारगृह, हा त्याचा ठरलेला क्रम होता.

आता कोणी म्हणेल की, ग्रीकांना पाककलेचे उपजत अंग असले पाहिजे. मला हे पटत नाही. गावाकडे स्वयंपाक आई किंवा बहीण करीत असे. या पोरांनी चुलीजवळ पाऊलही टाकलेले नव्हते. ते या धंद्यात शिरले याचे कारण हिशेबी होते. कारखान्यातील नोकरीला मुकादमाची मर्जी लागते, सरकारी नोकरीला भाषा लागते, शेतीला जमीन लागते. खानावळीला यांपैकी काहीच लागत नाही. भांडी विसळणाऱ्याला इंग्रजी येण्याची गरज नसते. तो मोरीजवळ उभा राहून आचाऱ्याचे हात पाहतो आणि वर्षभरात अंडी तळावयास शिकतो. दुसऱ्या वर्षी तो गिऱ्हाइकांच्या समोर येतो आणि पदार्थांच्या नावांपुरती इंग्रजी उचलतो. त्याचे स्वतःचे दोन वेळचे जेवण तेथेच भागते, म्हणून मिळालेला पगार जवळजवळ सारा शिल्लक पडतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गावचा एखादा सोबती भागीदार मिळाला की, दोघे मिळून एखादे पडके दुकान भाड्याने घेतात. कागदपत्र नसे, तारण नसे. आपल्या गावच्या माणसाला फसविल्यास गावातील आईबापांना तोंड दाखविता येणार नाही, हेच तारण. एकजण भट्टीजवळ उभा राहतो, दुसरा गल्ल्यावर. पहाटे गिरणीत जाणाऱ्या कामगाराच्या आधी दुकान उघडते आणि मध्यरात्री नाटकगृह सुटल्यावर बंद होते. धंदा जरा वाढला की, गावाकडून पुतण्याला बोलावणे जाते. तो येऊन मोरीजवळ उभा राहतो, आणि तेच चक्र पुन्हा फिरू लागते. मुंबईतील इराण्यांच्या किंवा उडुप्यांच्या हॉटेलांची घडण ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या वर्णनात नवे काही दिसणार नाही.

भांडवल किती लागे, याचा एक मासला सांगण्याजोगा आहे. शिकागोत बिली सियानिस नावाच्या ग्रीकाने 1934 साली एक मद्यालय 205 डॉलरांना विकत घेतले. त्यासाठी दिलेला धनादेश वटलाच नाही! पहिल्या शनिवार-रविवारच्या गल्ल्यातून त्याने ती रक्कम फेडली, असे त्या दुकानाचे लोक आजही अभिमानाने सांगतात. ते 'बिली गोट टॅव्हर्न' पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाले. मद्य आणि मांसाच्या वड्या घातलेले पाव एवढ्याच जिनसांवर त्याचा लौकिक उभा आहे. ग्रीक असे त्यात मालकाखेरीज काही नव्हते.

हे असे का, याचे उत्तर त्या काळच्या वातावरणात सापडते. आज अमेरिकेत ग्रीकाकडे सॉक्रेटिसाचा वंशज म्हणून कौतुकाने पाहतात. त्या वेळी तसे नव्हते. फेब्रुवारी 1909 मध्ये नेब्रास्का राज्यातील दक्षिण ओमाहा येथे एका ग्रीक मजुराच्या हातून पोलीस मारला गेला. दोन दिवसांत हजारोंचा जमाव ग्रीक वस्तीवर चालून गेला. त्याने दुकाने फोडली, घरे जाळली आणि तेथील सारा ग्रीक समाज, बायकामुलांसह, गाव सोडून परागंदा झाला. ज्यांचा त्या गुन्ह्याशी काडीचाही संबंध नव्हता त्यांचीही दुकाने गेली. पश्चिम किनाऱ्याकडील एका उपाहारगृहाने तर आपल्या जाहिरातीत 'आमच्याकडे उंदीर नाहीत आणि ग्रीकही नाहीत' अशा अर्थाची ग्वाही छापली होती. पुढे कू क्लक्स क्लान या गुप्त संघटनेचा जोर वाढला आणि ग्रीकांच्या दुकानांवर बहिष्कार पडू लागले. तेव्हा 1922 साली अटलांटा शहरात ग्रीकांनी 'अहेपा' नावाची संस्था काढली. आपल्या हक्कांसाठी काढलेल्या या संस्थेने कामकाजाची भाषा मात्र इंग्रजी ठरविली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

अशा परिस्थितीत दुकानावर ग्रीक पाटी लावून त्यात द्राक्षाच्या पानांतला भात कोण विकणार? दुकानाला शक्य तितके अमेरिकन नाव द्यावयाचे. आपल्या लांबलचक आडनावाची शेपटी तोडून 'पापामिखालोपूलोस'चे 'पापास' करावयाचे. आणि सफरचंदाचा पाय, डुकराचे मांस व अंडी, भाजलेले गोमांस हे ज्याला हवे ते त्याला वाढावयाचे. स्वतःचे जेवण रात्री दुकान बंद झाल्यावर मागच्या खोलीत. पदार्थांना लाज वाटावी असे काही नव्हते. परंतु ओमाहाची बातमी सर्वांनी वाचली होती.

मात्र जिभेवरची चव अशी सहजासहजी मरत नाही. ती कोठून तरी डोके वर काढतेच. याचे सर्वांत सुंदर उदाहरण ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराचे होय. टॉम आणि जॉन किराजीफ हे दोघे भाऊ मॅसिडोनियातील ख्रूपिष्टा या गावचे. ते गाव आज ग्रीसमध्ये आर्गोस ओरेस्तिको या नावाने ओळखले जाते. तथापि हे बंधू स्वतः स्लाव भाषिक होते, त्यामुळे त्यांना ग्रीक म्हणावे की मॅसिडोनियन, हा वाद मी येथे सोडवीत बसत नाही. या भावांनी 1922 साली 'एम्प्रेस' नावाच्या एका नाटकगृहाच्या शेजारी छोटेसे दुकान काढले आणि त्याच नाटकगृहाचे नाव दुकानाला दिले. गिऱ्हाईक होते खेळ पाहून बाहेर पडणारे. त्यांना काय द्यावे? अमेरिकेत त्या काळी 'चिली' नावाचा टेक्सासकडील पदार्थ लोकप्रिय होत होता. मांसाचा, मिरच्यांचा, तिखटजाळ रस्सा. भावांनी नाव तेच ठेवले, पण भांड्यात मात्र आपल्या गावाकडील मांसाचा रस्सा शिजविला. त्यात दालचिनी पडली, लवंग पडली. तिखट बेताचेच राहिले. असा रस्सा ग्रीसच्या घरांतून शेवयांसारख्या मॅकरोनीवर वाढतात. येथे तो स्पॅगेटीवर वाढला गेला आणि त्यावर किसलेल्या अमेरिकन चीजचा ढीग घातला गेला. पाटीवर अमेरिका, पोटात बाल्कन!

गिऱ्हाइकाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याला वाटले, चिली म्हणजे हेच. पुढे पदार्थाची परिभाषाही ठरून गेली: स्पॅगेटी, रस्सा आणि चीज असे तीन थर असले तर 'थ्री-वे', कांदा किंवा घेवड्याचे दाणे यांपैकी एक घातले तर 'फोर-वे', दोन्ही घातली तर 'फाइव्ह-वे'. या दुकानात काम केलेला निकोलस लांब्रिनिडीस नावाचा गृहस्थ कास्तोरिया गावचा. त्याने आपल्या मुलांसह 1949 साली स्वतःचे दुकान थाटले. तेथून शहरातील उंच इमारतींची रांग दिसे, म्हणून त्याचे नाव 'स्कायलाइन'. आज त्या नावाची दुकाने ओहायोत आणि आसपासच्या राज्यांत पसरली आहेत, आणि सिनसिनाटीचा मनुष्य परगावी गेला की, त्याला जी चव आठवते ती या दालचिनी घातलेल्या रश्श्याची असते. ती मुळात एका परक्याच्या आईची होती, याची जाणीव त्याला असेलच असे नाही.

फ्लोरिडातील टार्पन स्प्रिंग्ज हे गाव मात्र या नियमाला अपवाद. 1905 च्या सुमारास समुद्रातील स्पंज काढण्यासाठी एजियन बेटांवरील पाणबुडे तेथे आणले गेले आणि सारे गावच ग्रीक बनले. गिऱ्हाईकच ग्रीक, तेव्हा लपवावयाचे कोणापासून? तेथे लुई पापास याने 1925 साली उपाहारगृह काढले. त्याच्या ग्रीक कोशिंबिरीच्या तळाशी बटाट्याच्या कोशिंबिरीचा गोळा असे. तो प्रकार ग्रीसमध्ये कोठेही नाही. परंतु त्या भागात तो इतका रुजला आहे की, बटाटा नसल्यास गिऱ्हाईक तक्रार करते.

1924 साली अमेरिकेने परदेशी लोकांच्या प्रवेशावर कडक निर्बंध घातले. ग्रीसच्या वाट्याला वर्षाकाठी अवघ्या 100 माणसांची परवानगी आली! 1929 पासून ती 307 झाली. पुतण्याला बोलावण्याचा मार्ग बंद पडला, तेव्हा भार कुटुंबावर आला. दरम्यान पुष्कळांची लग्ने झाली होती, ती बहुधा छायाचित्रांची देवाणघेवाण करून. बोटीतून उतरणारी वधू हातातल्या छायाचित्राशी बंदरावरील माणसाचा चेहरा ताडून पाही. दुकानाच्या मोरीजवळ आता ती उभी राहिली आणि शाळेतून परतलेली मुले स्टुलावर चढून कपबशा पुसू लागली. बाप मुलांना सांगे, शिका आणि यातून सुटा. म्हणजे ज्या दुकानावर त्याचे सारे आयुष्य खर्ची पडले, ते मुलांच्या हाती पडू नये हीच त्याची इच्छा! हे मला या साऱ्या कहाणीतले सर्वांत करुण स्थान वाटते. मुले शिकली, वकील आणि डॉक्टर झाली, आणि दुकाने विकली गेली.

ती विकत कोणी घेतली? पुन्हा ग्रीकांनीच. 1965 साली नवा कायदा होऊन देशवार मर्यादा रद्द झाल्या आणि नवे ग्रीक येऊ लागले. न्यूयॉर्कमधील 'डायनर' म्हणजे अहोरात्र उघडी असणारी, आगगाडीच्या डब्याच्या आकाराची उपाहारगृहे या लोकांनी ताब्यात घेतली. यांना कॉफी भरून देण्यासाठी लागणारा कागदी पेला हाही एक मजेदार विषय आहे. निळ्या-पांढऱ्या रंगाचा, वर ग्रीक नक्षी आणि मातीच्या कुंभाचे चित्र असलेला, 'आपली सेवा करण्यात आम्हांस आनंद आहे' अशी अक्षरे मिरविणारा हा पेला 1963 साली लेस्ली बक या गृहस्थाने आखला. तो पेल्यांच्या कारखान्यात विक्री पाहत असे. ग्रीक दुकानदारांना आवडावा म्हणून त्याने ग्रीसच्या निशाणाचे रंग योजिले. तो स्वतः ग्रीक नव्हे. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेला, नाझींच्या ऑश्विट्झ छावणीतून जिवंत सुटलेला ज्यू होता. चित्रातील कुंभाला ग्रीक भाषेत 'अँफोरा' म्हणतात. बकच्या उच्चारात त्याचे 'अँथोरा' झाले आणि तेच नाव पेल्याला चिकटले. एका निर्वासिताने दुसऱ्या परदेशस्थाच्या दुकानासाठी काढलेले हे चित्र पुढे न्यूयॉर्क शहराचीच खूण होऊन बसले.

आता शिकागोकडे वळू. तेथील हॉलस्टेड रस्त्याच्या परिसरात ग्रीकांची जुनी वस्ती होती. 1960 नंतरच्या वर्षांत इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या इमारतींसाठी तिचा मोठा भाग पाडण्यात आला आणि उरलेली दुकाने काही चौक उत्तरेकडे सरकली. वस्ती उठली, गिऱ्हाईक पांगले. पूर्वी शेजारचा ग्रीक जेवावयास येई. आता साऱ्या शहरातून परक्यांना बोलावल्याखेरीज गत्यंतर उरले नाही. नेमक्या याच सुमारास वारा फिरला होता. अमेरिकन प्रवासी विमानाने ग्रीसला जाऊन येऊ लागले होते; 1964 च्या 'झोर्बा द ग्रीक' या चित्रपटाने ग्रीक संगीत आणि नृत्य घरोघर पोहोचविले होते. साठ वर्षांपूर्वी जे लपवावे लागत होते, तेच आता लोक पैसे देऊन मागू लागले.

1968 साली लियाकूरास बंधूंनी हॉलस्टेड रस्त्यावर 'पार्थेनॉन' नावाचे उपाहारगृह उघडले. नावातच निर्धास्तपणा आहे. येथे द्राक्षाच्या पानांतील भातही होता आणि मुसाकाही होता. परंतु त्यांचे नाव झाले ते 'सागानाकी'मुळे. सागानाकी म्हणजे मूळ एका दोन कानांच्या छोट्या कढईचे नाव. तीत तळलेल्या चीजच्या तुकड्यालाही तेच म्हणतात. पार्थेनॉनमध्ये ही कढई गिऱ्हाइकाच्या मेजापाशी आणीत, तिच्यावर ब्रँडी शिंपडीत आणि ती पेटवून देत. हातभर ज्वाला उठे, वाढपी 'ओपा!' म्हणून आरोळी ठोकी, सारे उपाहारगृह तीत आवाज मिसळी, आणि मग वर लिंबू पिळून ती ज्वाला विझवीत. ही युक्ती आपणच काढली, असे पार्थेनॉनचे लोक सांगत. आणि पाहता पाहता अमेरिकेतील ग्रीक उपाहारगृहांतून ती सर्वत्र गेली.

'यिरो'चीही अशीच कथा. यिरो म्हणजे फिरणे. उभ्या सळईवर फिरणाऱ्या मांसाच्या राशीतून काप काढून ते रोटीत गुंडाळून देतात. ग्रीसमध्ये ते बहुधा डुकराच्या मांसाचे थर रचून करतात. शिकागोच्या कारखानदारांनी 1970 नंतर गाय आणि मेंढी यांचे मांस एकत्र दळून त्याचे तयार शंकू विकावयास काढले. त्यामुळे आचाऱ्याचे कसब नसलेल्या माणसालाही ग्रीक दुकान काढता येऊ लागले. हे चांगले झाले की वाईट? रसिक खाणारा नाक मुरडील. पण नुकत्याच उतरलेल्या, हाती कसब नसलेल्या माणसाचा त्यावर संसार उभा राहिला असेल, तर त्याला नावे ठेवण्याचे धैर्य मला होत नाही.

पार्थेनॉन उपाहारगृह 48 वर्षे चालून 2016 साली बंद झाले. त्या रस्त्यावरील इतर ग्रीक उपाहारगृहांतून ज्वाला आणि 'ओपा'चा गजर मात्र चालू राहिला. शिकागोत तो पाहून आलेल्या प्रवाशाने अथेन्सच्या एखाद्या साध्या खानावळीत सागानाकी मागविल्यास मात्र त्याने ज्वालेची वाट पाहत बसू नये. तेथे चीजचा तळलेला तुकडा आणि लिंबाची फोड मुकाट्याने समोर ठेवली जाते.